सहा इंचांची सळई

आमच्या स्लोव्हाक क्लबात बारच्या मागच्या भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्यावर चौतीस खिळे, प्रत्येक खिळ्यावर घोड्याच्या नालासारखी वाकवलेली एक पोलादी सळई, आणि तिच्याखाली पांढऱ्या रंगात वाकवणाऱ्याचं नाव. चौतीसच्या चौतीस पुरुष. फळ्याच्या माथ्यावर नियम रंगवलेला आहे: सात इंच लांब, अडीच सूत (पाव इंचाहून थोडी जास्त) जाड, थंड सळई, एक मिनिट. तळव्यात टोकं घुसू नयेत म्हणून दोन चामड्याचे तुकडे गुंडाळायची मुभा, बाकी काही नाही. टेबल नाही, गुडघा नाही, मांडी नाही. वाकवून झाल्यावर दोन टोकांमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट उरता कामा नये.

पोलादाचा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली. कारखान्याच्या जागी आता पेनसिल्व्हेनियातलं जंगल परत आलंय, पण फळा आहे. आमच्या गावात एखाद्याच्या बापाचं नाव फळ्यावर असेल तर तो माणूस बोलताना अर्ध्या वाक्यात ते आणून दाखवतो. म्हणून लोरेटा हूडाकचं काय झालं ते नीट सांगायला हवं. दोन वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझं डोकं अजून सणकतं.

लोरेटा त्या वेळी चौपन्न वर्षांची होती. इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. नवरा हार्टने गेलेला, मुलगी टेक्सासात. दर ऑगस्टमध्ये क्लबची जत्रा भरते तेव्हा स्वयंपाकघरात होलुब्कींची जबाबदारी तिची. कोबीची पानं उकळायची, भात-मटणाचं सारण भरायचं, गुंडाळी वळायची, एकेका दिवसात सहाशे. बावीस वर्षं तिने ती जत्रा स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच पाहिली. खिडकीसमोरच अंगणात सळया वाकवायचा कार्यक्रम व्हायचा.

एका वर्षी असाच एक जाडजूड गडी सळईशी झटत होता. लाल झाला, जांभळा झाला, सळई हलतसुद्धा नव्हती. लोरेटा हात पुसत खिडकीतून ओरडली, "अरे, कोपरं! कोपरं खाली घे, मेल्या! उडायचंय का तुला?"

सगळे हसले. गड्याने सळई टाकली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही कोबी बघा."

हसला नाही तो एकटा मेथोड सिकोरा. त्याला सगळे मेट म्हणायचे. शहात्तर वर्षांचा, कारखान्यातला जुना माणूस, फळ्यावर नाव असलेल्यांपैकी जिवंत उरलेल्या तिघांतला एक. तो खिडकीपाशी आला, एक होलुब्की तोंडात टाकली आणि म्हणाला, "कोपरांचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? दिसतंय की. मी ओल्या चादरी पिळते, मेट. कोपर बाहेर गेलं की जोर खांद्यात जातो आणि चादर तशीच राहते."

"मंगळवारी माझ्या गॅरेजात ये," मेट म्हणाला.

ती गेली. मेटने तिला सळई दिलीच नाही. आधी एक बादली दिली, तांदळाने काठोकाठ भरलेली. त्यात हात मनगटापर्यंत खुपसायचा, मूठ उघडायची, मिटायची, वळवायची. तीन महिने फक्त बादली. मग लांब खिळे, बोटाएवढ्या जाडीचे नव्हेत, साधे सुताराचे. मग त्यांच्यापेक्षा जाड. पहिल्या वर्षी लोरेटाला वाटायचं हा म्हातारा आपली गंमत करतोय. धुलाईघरात ती दिवसभर राबायची आणि संध्याकाळी हाताला बादली. एकदा चिडून म्हणालीच, "माझ्यात ताकद आहे, मेट. मी काय लहान मूल आहे का?"

"ताकद आहे गं. पण ताकद दंडात दोन महिन्यांत येते, आणि शिरांत यायला दोन वर्षं लागतात. दंड म्हणतो चल, शीर म्हणते थांब. शिरेचं नाही ऐकलं तर मनगट कायमचं गेलं. मग चादरी कोण पिळणार, मी?"

आणि मनगट कसं सांभाळायचं ते शिकवलं त्याने खरंच. आठवड्यात दोनदाच जोर लावायचा, एरवी हात मोकळे ठेवायचे. बोटांच्या बाहेरच्या बाजूला रबर लावून बोटं उघडायची, कारण नुसती मिटणारी बोटं एक दिवस मिटलेलीच राहतात. चामडं कसं गुंडाळायचं तेही: सैल राहिलं तर सळई आत फिरते आणि अर्धा जोर चामड्यातच मुरतो. चामडं इतकं घट्ट ओढून बसवायचं की ते आणि सळई एकच वस्तू वाटली पाहिजे. ते गुंडाळायलाच लोरेटाला एक हिवाळा लागला.

आणि मग पकड. सळई हनुवटीखाली आडवी, तळवे खाली, दोन्ही अंगठे मधोमध शेजारी शेजारी. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. पहिला घाव सगळा एकदम द्यायचा, श्वास रोखून, मनगटं आत आणि खाली मोडत. सळई तेवढी एकदाच खरा विरोध करते. एकदा का मधोमध तिची मान मोडली की मग ती तुमची. तिथे थांबायचं नाही. वाकलेली जागा हाताला चटका देईल इतकी तापते, आणि तापलेली आहे तोवरच नरम असते. दम खायला थांबलात की ती थंड होऊन पुन्हा अकडते. काटकोन झाला की बोटं एकमेकांत गुंतवून, तळवे टोकांवर ठेवून छातीशी दाबत आणायची.

"ही दाबणी बायकांना सोपी," मेट एकदा म्हणाला. "पिळण्याची सवय असते."

"ही कशातली सवय आहे ते तुमच्या बायकोला विचारा. तिने पन्नास वर्षं तुमचे कारखान्याचे कपडे पिळलेत," लोरेटा म्हणाली. घरात ओट्यापाशी उभी मेटची बायको इतकी हसली की तिला खोकला आला.

अशी सहा वर्षं गेली. सहाव्या वर्षी जूनमध्ये लोरेटाने मेटच्या गॅरेजात सात इंचांची, अडीच सुताची सळई एकोणचाळीस सेकंदांत वाकवली. ऑगस्टच्या जत्रेत तिने नाव दिलं. नाव दिलं म्हणजे नुसतं वहीत लिहिलं नाही. तिला त्या फळ्यावर यायचं होतं, आणि हे तिने कुणापासून लपवलं नाही.

"त्या भिंतीकडे बावीस वर्षं मी भांडी घासता घासता बघतेय," ती स्वयंपाकघरात डोलोरेस क्रुपाला म्हणाली. डोलोरेस तिची बालमैत्रीण, होलुब्कींची दुसरी हक्कदार. "एकदा वर जाऊ दे नाव, मग पाहिजे तर उद्या मरेन."

"उद्या नको, उद्या पाचशे बटाटे सोलायचेत," डोलोरेस म्हणाली.

आता ग्रेग बालाशबद्दल. ग्रेग क्लबचा नवा अध्यक्ष. विमा विकतो, चांगलं बोलतो, सूट चांगला घालतो. आयुष्यात त्याने खिळासुद्धा वाकवलेला नाही, पण त्याचे आजोबा इग्नात्स बालाश फळ्यावर सगळ्यात वर आहेत, पहिल्या खिळ्यावर. ग्रेगला आजोबांच्या नावावरच अध्यक्षपद मिळालं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सळई कापायची आमची एक रीत आहे. मोठी लांब सळई अंगणात सगळ्यांसमोर आणायची आणि तिथेच कातरीने तुकडा पाडायचा, म्हणजे कुणी घरून मऊ माल आणला असं म्हणायला जागा राहत नाही. त्या दिवशी लोरेटाची पाळी आली. कापणाऱ्याने खडूने सातावर खूण केली. ग्रेग हसत पुढे झाला, खूण बोटाने पुसली आणि एक इंच अलीकडे नवी खूण केली.

"बाईमाणूस आहे," तो माईकवर म्हणाला, "एक इंच कमी करूया. क्लबतर्फे सवलत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आता ऐका, राग कशाचा आहे तो. सळई लहान केली की ती हलकी होत नाही, अवघड होते. हात धरायला जागा कमी, टोकांवरचा जोर कमी. लांब सळई कुणीही वाकवेल, कारण ती स्वतःच तुम्हाला मदत करते. आखूड सळई म्हणजे दगड. हे सळई हातात धरलेल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. सात इंच वाकवणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना सहा इंच हलवताही येत नाही. अंगणात हे जाणणारी कमीत कमी आठ माणसं होती. त्यांतलं एकही बोललं नाही.

लोरेटाने तुकडा हातात घेतला आणि तिला लगेच कळलं. तिने मेटकडे पाहिलं. मेटने आपल्या बिअरच्या ग्लासात पाहिलं.

ती बोलू शकली असती. पण तिने विचार केला, आता मी म्हणाले की हे अवघड आहे, तर हे म्हणतील सवलत दिली तरी कुरकुर करते. अंगणात तीनशे माणसं होती. तिने चामडी गुंडाळली. दोन्ही मुठी एकमेकींना चिकटल्या, इतकी कमी जागा उरली होती. श्वास घेतला आणि मारला.

सळई हलली नाही.

पुन्हा मारला. अर्धं बोट हलली. कुणीतरी हसलं. "सवलत पुरली नाही वाटतं!" लोरेटाने थांबायचं नाही हे धरून ठेवलं होतं. तिसऱ्यांदा तिने कोपरं आणखी आत घेतली, सगळं अंग त्या दोन मनगटांत ओतलं, आणि सळईची मान मोडली. पुढचं तिला नीट आठवत नाही. बोटं गुंतवली, छातीशी दाबलं, चामडं एका टोकाने फाटून टोक तळव्यात गेलं, ब्लाउजवर रक्त आलं, तरी दाबत राहिली. मेटने नंतर सांगितलं, सत्तावन्न सेकंद. टोकांमध्ये एक बोट जागा.

अंगण उठलं. डोलोरेस स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि किंचाळत होती. ग्रेगने माईक घेतला, लोरेटाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वा! मानलं! अर्थात, नियम सात इंचांचा आहे, त्यामुळे ही फळ्यावर लावता येणार नाही. पण आपण बायकांसाठी एक वेगळा छोटा फळा करूया, स्वयंपाकघराच्या दाराशी. कशी वाटली कल्पना?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा! कुणाच्याही मनात आलं नाही की ती सळई सहाची कुणी केली.

लोरेटाच्या हातातून रक्त ठिबकत होतं. ती म्हणाली, "ग्रेग, तू कापलीस सहाची."

"अगं, तुला सोपं जावं म्हणून!"

"सोपं? सहा अवघड असते, ग्रेग. सातापेक्षा दुप्पट अवघड."

ग्रेग हसला. "लहान गोष्ट मोठीपेक्षा अवघड? लोरेटा, जा, हाताला पट्टी बांध."

मेट तिथेच होता. तोंडात मिठाची गुळणी धरून. लोरेटा त्याच्याजवळून गेली तेव्हा तो पुटपुटला, "जाऊ दे पोरी. आपल्याला माहीत आहे ना."

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सहा वर्षं ज्या माणसाच्या गॅरेजात घाम गाळला, त्याला तिच्यासाठी एक वाक्य बोलता आलं नाही. ग्रेगचा तिला राग आला, पण ग्रेग मूर्ख होता. मेट मूर्ख नव्हता.

दोन आठवडे ती क्लबकडे फिरकली नाही. धुलाईघरात बांधलेल्या हाताने चादरी पिळत ती विचार करत राहिली. ती नुसती रागावून घरी बसणारी बाई नाही. तिसऱ्या रविवारी, चर्चमधली मिस्सा संपल्यावर, क्लबची महिन्याची बैठक सुरू व्हायच्या आधी ती आली. हातात शिवणाची टेप आणि स्वयंपाकघरातला सुताचा गुंडा. खुर्ची ओढून फळ्यासमोर उभी राहिली आणि पहिली सळई खिळ्यावरून उतरवली. सळईच्या वळणाला धरून सूत लावायचं, टोकाला कापायचं, मग सूत सरळ करून टेपवर मोजायचं. डोलोरेस शेजारी उभी राहून कागदावर लिहीत होती.

माणसं जमू लागली. काही जण हसत होते. सातव्या सळईनंतर हसणं थांबलं.

ग्रेग आला तेव्हा ती शेवटची सळई मोजून परत लावत होती. "हे काय चाललंय? खाली उतर!"

"उतरते. आधी ऐक." तिने डोलोरेसच्या हातातला कागद घेतला आणि वाचू लागली. एकेक नाव, एकेक लांबी. सात. सव्वासात. साडेसात. सात. सव्वासात. चौतीसांत बरोब्बर सातच्या फक्त अकरा निघाल्या. बाकी सगळ्या लांब. जुन्या काळी कारखान्यातल्या कातरीवर नजरेने तुकडे पाडायचे आणि कुणी मोजत नसे. सातपेक्षा आखूड? एकही नाही. पहिल्या खिळ्याचं नाव तिने शेवटी ठेवलं होतं.

"इग्नात्स बालाश," ती म्हणाली, "सव्वाआठ."

ग्रेगचा चेहरा ताठ झाला. "माझ्या आजोबांना यात ओढू नकोस. मेलेल्या माणसाची बदनामी करतेस? ती त्यांनी साठ वर्षांपूर्वी वाकवलीय!"

"मी कुठे म्हटलं नाही वाकवली? वाकवली. सव्वाआठची. आणि तू मला सहाची दिलीस, ती मी वाकवली, आणि मला सांगतोस की नियम सातचा आहे! नियम फक्त माझ्यासाठी आहे का? या भिंतीवर एकेकाला इंचभर सूट आहे आणि मला इंचभर शिक्षा, आणि वर म्हणतोस सवलत! स्वयंपाकघराच्या दाराशी फळा म्हणे! मी बावीस वर्षं त्याच दाराशी उभी आहे, ग्रेग!"

तिचा आवाज इतका चढला होता की बारमधले ग्लास थरथरले, असं डोलोरेस अजून सांगते. ते खोटं आहे, पण असायला हवं होतं.

मेट तेव्हा कोपऱ्यात बसला होता. ब्याऐंशी वर्षांचा. तो उठला, टेबलांना धरत धरत फळ्यापाशी आला आणि आपली सळई उतरवली. तिच्या यादीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, पावणेआठ.

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. आवाज फाटलेला होता. "मला माहीत होतं. आखूड अवघड असते हे माहीत होतं, आणि माझी लांब आहे हेही माहीत होतं. ती मी कधी मोजली नाही, पण माहीत होतं. सहाची गोष्ट काढली असती तर कुणीतरी पावणेआठची काढली असती. म्हणून मूग गिळून बसलो. इथे बसलेल्या सगळ्यांनीच गिळले." तो वळला. "पोरी, तू माझ्या खिळ्यावर लाव."

त्याने रिकामा खिळा दाखवला. खोलीत बायका रडायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, झालं, आता ही त्याच्या गळ्यात पडणार आणि सगळं गोड होणार.

लोरेटा रडली नाही. तिने त्याच्या हातातून त्याची सळई घेतली आणि परत त्याच्याच खिळ्यावर लावली.

"मला तुमचा खिळा नको, मेट. तुमची सळई तुम्ही वाकवलीत, ती इथेच राहील. पंधरा दिवस उशिरा बोललात, ते मी विसरणार नाही. पण मला माझा खिळा हवा."

मग ती ग्रेगकडे वळली. "हातोडी आण."

ग्रेगने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या बाजूने कुणी बोलेना. उलट मागून कुणीतरी म्हणालं, "आण रे बाबा, जेवणं थांबलीयत." तो गेला. क्लबची हातोडी कुठे असते हे अध्यक्षाला माहीत नव्हतं, डोलोरेसने दाखवली. पस्तिसावा खिळा त्याने स्वतःच्या हाताने ठोकला, तोही पहिल्या फटक्यात वाकडा गेला. लोरेटाने तो सरळ करायलाही मदत केली नाही. तिने आपली सळई पिशवीतून काढली, वळणावर वाळलेलं रक्त तसंच होतं, आणि लावली. रंगाचा डबा आणि ब्रश आणला गेला. ग्रेगने खाली वाकून नाव लिहिलं, लोरेटा हूडाक, अक्षरं थोडी तिरकी.

"झालं?" तो म्हणाला.

"नावाखाली लांबी लिही. सहा इंच."

"बाकी कुणाचीच लांबी लिहिलेली नाही."

लोरेटाने यादीचा कागद त्याच्या हातात दिला. "मग लिही. आजोबांपासून सुरुवात कर."